भट्टीघरातलं चर्च

लिही गं उर्जा. आणि सारखं ‘लांगझाम, आजी, लांगझाम’ करू नको, हळूहळूच तर सांगतेय.

आपल्या गावातलं हे एवढंसं चर्च कसं सुरू झालं, ते शेजारच्या लतिकाबाईंना सोडून सांगताच येत नाही. त्या नगरकडच्याच, आपल्यासारख्या ख्रिस्ती. इथं जर्मनीत हॉस्पिटलात नर्स होत्या. नवरा दिनकरराव त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात. तिकडं वोनुंग, म्हणजे राहायला घर, मिळेना म्हणून या खेड्यात येऊन राहिले. एकच लेक, विपुल. हसरा पोरगा, मला ‘आजी, भाकरी’ म्हणत दारात यायचा. एका हिवाळ्यात त्याची मोटरसायकल बर्फावर घसरली. संपलं.

माती इथल्याच जर्मन चर्चमधून झाली. पाळक भला माणूस, फार चांगलं बोलला म्हणे. मला काय कळतंय! पण लतिकाबाईंना सगळं कळत होतं, तरी डोळ्यांतून टिपूस नाही. घरी आल्यावर माझा हात धरला. म्हणाल्या, “मावशी, शब्द न् शब्द समजला हो. पण मला जर्मनमध्ये रडता येत नाही.”

आणि दिनकरराव म्हणाले, “आजपासून देवाचं नि माझं बोलणं बंद.”

मग आम्ही दोघी रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मराठी गीतं म्हणायला लागलो. त्यांच्या वॉर्डातली एक आफ्रिकेची नर्स यायला लागली, तिच्यामागून एक इंग्रज मास्तर आणि त्यांची बायको. जागा पुरेना. तेव्हा गावातल्या फ्राउ किल्गुस म्हणून बाईनं बाकहाउस दिलं. गावाची पाव भाजायची भट्टी गं ती. शनिवारी बाया पाव भाजायच्या, रविवारी सकाळीसुद्धा भिंती कोमट असायच्या. वास असा, की प्रार्थनेत माझ्या पोटात कावळे ओरडायचे.

फ्राउ किल्गुसनं विचारलं, “तुम्ही कॅथलिक की इव्हांगेलिश?” इव्हांगेलिश म्हणजे इथले प्रोटेस्टंट.

लतिकाबाई म्हणाल्या, “दोन्हींच्या मधले. एपिस्कोपल.”

“मधे तर वारा लागतो,” ती म्हणाली, आणि आणखी दोन जुनी बाकडी काढून दिली.

महिन्यातून एकदा फ्रँकफर्टहून पाळक यायच्या, बाई! बाईमाणसाच्या हातून प्रभुभोजन घ्यायला मी आधी बिचकलेच. बाकीच्या रविवारी लतिकाबाई प्रार्थना वाचायच्या. आधी इंग्रजीत, शेवटी थोडी मराठीत. त्या थोड्या मराठीत त्या रडून घ्यायच्या.

दिनकरराव यायचे, पण दारापर्यंत. सगळ्यांच्या आधी येऊन भट्टीत लाकडं घालायचे, मग बाहेर खिडकीखालच्या दगडावर बसायचे. पाऊस असो, बर्फ असो. लतिकाबाईंचा जीव तिथंच अडकलेला. चर्च वाढावं, घंटा यावी, असलं काही त्यांनी कधी मागितलं नाही. हा माणूस आत यावा, एवढंच. एकदा मीच टोचलं, “काय हो दिनकरराव, त्याच्या घरात लाकडं घालता, मग त्याच्याशी बोलायला काय होतं?”

“लाकडं तुमच्यासाठी आहेत मावशी. त्याला थंडी वाजत नाही.”

पुढं बिशप आले. चर्चला नाव द्यायचं ठरलं. लतिकाबाई म्हणाल्या, “थोमाचं द्या. येशूच्या ज्या शिष्याला विश्वास बसत नव्हता, त्याचं.” कुणासाठी मागितलं ते आम्हा सगळ्यांना कळलं. खिडकी उघडीच होती. बाहेरून नुसता खाकरल्याचा आवाज आला.

आणि मग लतिकाबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते. मग जर्मन गेली. एवढी वर्षं बोललेली भाषा, पार धुऊन गेल्यासारखी. मागोमाग इंग्रजी गेली. पाळकबाई बोलायच्या नि ह्या माझ्या तोंडाकडं बघायच्या. उरली फक्त मराठी.

एका रविवारी प्रार्थनेच्या मधेच उठल्या. “विपुल कुठाय? अजून आला नाही?” इंग्रज मास्तरांना विचारलं, नर्सला विचारलं, बाकड्यांमधून फिरत राहिल्या. कुणाला मराठी येतंय? मी पदर तोंडाला लावून बसलेली.

तेव्हा दार उघडलं. दिनकरराव आत आले, चिखलाच्या बुटांनी, तसेच. तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, “लतिके, आपला विपुल गेला गं.”

तिनं असा हंबरडा फोडला, जसं तिला आत्ताच कळलं. दिनकररावांनी धरून ठेवलं. ती शांत झाली, डोळे पुसले, आणि परत विचारलं, “विपुल कुठाय?”

ह्या वेळी ते म्हणाले, “येतोय. वाटेत आहे.”

त्या दिवसापासून ते दर रविवारी आत असतात. पाळकबाईंना वाटलं, प्रार्थना ऐकली गेली.

परवाच्या रविवारचं सांगते, तेवढं लिही अन् मग ऊठ. दिनकरराव तिच्याशेजारी बसायला गेले तर तिनं जागेवर हात ठेवला.

“भाऊ, इथं नका बसू. ही आमच्या ह्यांची जागा आहे.”

“कुठं आहेत ते?”

“बाहेर बसतात. आत येत नाहीत. तुम्ही पुरुषमाणूस आहात, तुम्ही सांगून बघा ना त्यांना.”

“सांगतो हं,” दिनकरराव म्हणाले, आणि तिच्या मागच्या बाकड्यावर जाऊन बसले.