कानमिस्त्रींची पहार

घरांचे सांडपाणी रस्त्याखालच्या मोठ्या लाइनीला जोडून देणाऱ्या माणसाला लोक सहसा त्याच्या हातावरून ओळखतात. कानमिस्त्रींना मात्र कानावरून ओळखत. रस्ता खणून नळ उघडा पडला, की ते खांद्यावरच्या फडक्याने पहारेचे एक टोक पुसत, दुसरे नळावर टेकवत आणि पुसलेले टोक कानाशी धरून खड्ड्यात उकिडवे बसत. वरच्या अंगाच्या, आधीच जोडलेल्या एखाद्या घरात बादली ओतली जाई. पाणी नळातून गेले की मिस्त्री मान हलवत. मग नळाला वरून भोक, त्यावर जोड आणि घराकडून व्यवस्थित ढाळ. कोपऱ्यावरचे चेंबर डांबराखाली गाडले गेलेले असले, तरी ते फोडून पाहण्याची वेळ येत नसे.

स्वभावाने ते अबोल. कोणाच्या नळात काय अडकले होते, हे त्यांनी त्या घरातल्या माणसांनाही कधी सांगितले नाही. या एका गुणामुळे त्यांना कामाची ददात नव्हती.

अलीकडे मात्र त्यांना कुठेतरी लांबवर नळ सुटल्यासारखा आवाज येऊ लागला होता. आधी त्यांनी घरातले सगळे नळ घट्ट केले. मग शेजारच्यांचे केले. तरीही आवाज थांबेना, तेव्हा नळ आपल्याच डोक्यात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. याच सुमारास पत्नी मोठ्याने बोलू लागली. तिचा स्वभाव बदलला असावा, असे समजून त्यांनी चौकशी केली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढे चालायचेच.

धंदा अडला नाही. बहुतेक गल्ल्यांत रस्त्याखाली एकच नळ असे, आणि तो वाहता असे. मिस्त्री पहार लावत, घरघर ऐकत, मान हलवत. सगळे ठीक होई.

मग मुलीचे लग्न ठरले. बोलणी करायला बसले तेव्हा मुलाकडचे चौघे एकदम बोलत होते. मिस्त्रींनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. इतका समजूतदार व्याही शोधून सापडायचा नाही, असे विहीणबाई चारचौघांत सांगू लागल्या. लग्न पार पडल्यावर कळले, की ज्या गोष्टींना मान हलवली त्यांत व्याह्यांच्या घराची लाइन जोडून देण्याचेही कबूल झाले होते. त्यांचा परसातला शोषखड्डा भरून वाहत होता.

ठरल्या दिवशी मिस्त्री मेहुण्याला घेऊन व्याह्यांच्या दारात उभे राहिले. मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. खणायला वाघ आणि बोलायला त्याहून. दुपारपर्यंत खड्डा झाला, आणि त्यात शेजारीशेजारी दोन नळ निघाले.

"एक जुनी लाइन दिसतेय, दाजी," मेहुणा म्हणाला. "नवी टाकली तेव्हा दोन्ही तोंडं बुजवून सोडून दिलेली. आता यातली मेलेली कोणती, ते तुमचा कानच सांगणार."

शेजारच्या घरात बादली ओतली गेली. मिस्त्रींनी पहिल्या नळाला पहार लावली. नळ वाहत होता. त्यांनी मान हलवली.

"दुसऱ्यालाही लावून बघा की."

दुसऱ्यालाही लावली. तोही वाहत होता.

खड्ड्याच्या काठावर व्याही होते, विहीणबाई होत्या, बादली ठेवून आलेला शेजारी होता आणि डोक्यावर पदर सावरत मुलगी उभी होती. मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. पहिल्या नळाला मान हलवून झालेलीच होती. "हाच," ते म्हणाले.

जोड उत्तम बसला. बुजवलेला नळ भरेपर्यंत पाणीही उत्तम गेले.

आठवडा उलटण्याआधी पत्नीने फोन घेतला. "विहीणबाई होत्या. जेवणं झाली का, विचारत होत्या."

"आणि?"

"आणि त्यांच्या न्हाणीघरात पाणी घोट्यापर्यंत आलंय. पण घाई नाही म्हणाल्या."

मिस्त्रींना जेवण गेले नाही. विहीणबाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. न रागावलेली सासू हे प्रकरण किती वर्षे पुरवून वापरू शकते, याचा त्यांना अंदाज होता. आणि वापरायचे झाले तर ते मुलीवरच, उठताबसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा पुन्हा उघडला. आता चूक व्हायला जागाच नव्हती. एक नळ तुंबलेला, म्हणजे दुसरा वाहता. पहार लावायचे कारण उरले नव्हते. पण व्याह्यांनी गल्लीतल्या दोघातिघांना मुद्दाम बोलावून आणले होते.

"मागच्या वेळी वाऱ्यामुळे गडबड झाली असेल," व्याही त्यांना समजावत होते. "आता बघा. नुसत्या कानावर सांगतात."

मिस्त्रींनी टोक पुसले. कानाशी धरले. बादली ओतली गेली, की ओतली जायची होती, कोण जाणे. घरघर तीच होती. आता फक्त मान हलवायची होती. मान हलवली तर ती खरीही ठरणार होती. आणि पुढच्या खेपेला, आणखी कोणाच्या तरी दारात, दोन नळ निघणार होते.

त्यांनी पहार मेहुण्याच्या हातात दिली.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

गल्ली गप्प झाली. निदान मिस्त्रींना तरी तसे वाटले.

"ते माहितीय मला," विहीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बोलणी झाली तेव्हापासून."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही सगळ्याला हो म्हणत होतात, व्याहीबुवा. मी कशाला मोडता घालू?"

मुलगी घरात गेली आणि कपड्यांना घालायची नीळ घेऊन आली. "बाबा, कोपऱ्यावरचं चेंबर उघडा. मी शेजारून नीळ ओतते. डोळे तरी शाबूत आहेत ना?"

मेहुण्याने डांबर फोडले. मिस्त्री चेंबरच्या काठाशी बसले. बऱ्याच वेळाने दोन तोंडांपैकी एकातून पाणी आले, आणि ते निळे होते. मेहुणा "आलं!" म्हणून ओरडला, तोवर मिस्त्रींनी ते पाहून घेतले होते. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या नळाला जोड बसला, पहिल्याचे भोक बुजले आणि विहीणबाईंच्या न्हाणीघरातून ओतलेली नीळही कोपऱ्यावर येऊन पोचली.

मिस्त्री हात धुवत असताना विहीणबाई त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी आल्या.

"माझी बहीण मागच्या गल्लीत राहते. तिची लाइनही तुम्ही त्या दिवशी कबूल केलीय."

मिस्त्रींनी मान हलवली.

"या वेळी ऐकू आलं का, दाजी?" मेहुण्याने विचारले.

"आलं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी उरलेली नीळ मुलीकडून मागून घेतली.