लांबवलेला आखाड

आखाड लागला, की आमच्या इंदूबाई खूश! लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या नवरीनं सासरी राहायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या साऱ्या नवऱ्या माहेरी यायच्या आणि या नर्सबाई पिशवी घेऊन घरोघर हिंडायच्या. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. खर्ड्याजवळच्या त्या गावात त्या दवाखान्यात होत्या, मी शाळेत मास्तरीण. खोल्या शेजारीशेजारी, चहा माझ्या स्टोव्हवर.

पिशवीत पाळणा लांबवायला लूप असायचा, निरोध असायचे. पण ते सगळं दोन-तीन लेकरांच्या आईसाठी. एवढ्याशा पोरीचं नाव काढलं, की दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, "अहो, आधी एक होऊ द्या की!" म्हणजे एक बाळंतपण सोसल्याशिवाय पोरीला काही मिळायचंच नाही. डोकंच फिरायचं माझं.

"भिंगारात निदान नवऱ्याला बाजूला घेऊन समजावता यायचं हो," इंदूबाई म्हणायच्या. त्या मूळच्या तिथल्या. "इथं नवरा आईकडं बघतो आणि आई देवाकडं!"

मग त्यांनी स्वतःचाच उपाय काढला. आखाडच लांबवायचा. पोरीची पापणी खाली ओढून बघायची आणि चेहरा गंभीर करून आईला सांगायचं, "हिच्या अंगात रक्त नाही. इतक्यात धाडू नका." लबाडी म्हणा हवं तर. मला तर कौतुकच वाटायचं.

माझ्या शाळेतून चौथीत काढलेली काशी अशीच माहेरी राहिली. दिवाळी झाली, संक्रांत झाली. आणि एक दिवस तिची आई रडतच आली. "नर्सबाई, त्ये दुसरी बघत्यात. रोगी पोर गळ्यात मारली म्हनत्यात. तुमीच चला आन् सांगा."

आम्ही दोघी गेलो. काशीच्या सासूनं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"सून धडधाकट आहे तुमची," इंदूबाई म्हणाल्या.

"मंग तवा खोटं बोल्ला, का आता बोलताय?"

म्हातारी चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "धाडा तिला. पर लवकर कूस उजवू द्या. न्हाईतर दुसरी बघून ठिवल्याली हाय."

काशीला धाडावंच लागलं.

उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी काशी दवाखान्यात आली. ओकून ओकून डोळे खोल गेलेले, हाताच्या काड्या झालेल्या, आणि पोरगी हसत होती.

"नर्सबाई, वाचले वो! दिवस गेल्यात मला."

इंदूबाईंनी माझ्या खोलीतून गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला. दुसरं काय देणार होत्या? काशीनं तो तोंडात टाकला आणि वाकून त्यांच्या पाया पडली.