लेकीच्या रक्ताची डिग्री

टाकव्याच्या दूध डेअरीवर मी गावाचं दूध मापून घेतो आणि माझी ख्याती एकच. दुधात पाणी घातलेलं मला किटलीचं झाकण उघडताच कळतं, लॅक्टोमीटर मी फक्त पुराव्यासाठी बुडवतो, पाणी असलं की त्याची डिग्री कमी लागते. बाकी बाबतीत मला अक्कल कमी, असं बायकोचं मत आहे आणि ते ती डेअरीवर रांग असताना मोठ्यांदा सांगते.

गेल्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले आणि ती माझ्या चपला घालून फिरायला लागली. लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, तीन पॉइंट एक. शेजारी छापलेलं, साडेतीन ते पाच. आकड्याला चिकटून इंग्रजी एल, म्हणजे कमी.

तो एल बायकोला आपल्या स्वयंपाकावरचा शेरा वाटला. सकाळी दहाला दवाखान्यात जायचं होतं, तोवर आकडा वर आणायचाच असं तिनं मनावर घेतलं. चार अंडी, मटकीची उसळ, वाटीभर शेंगदाणे. सकाळी पुन्हा अंडी. दोन उकडलेली तिनं पिशवीतही टाकली, वाटेत आकडा घसरायला नको म्हणून.

लोणावळ्याच्या वाटेवर कामशेत मागे पडलं. लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, बाळाला कमी पडत असेल का?"

मला एकही विनोद सुचला नाही. ही घटना आमच्या घरात दुर्मीळ आहे.

दवाखान्यात मात्र माझ्यातला नट जागा झाला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेतला तोच मी घसा खाकरून निकाल दिला. डिग्री कमी लागते, म्हणजे यात पाणी आहे. बायकोनं मला चिमटा काढला. बाई हसल्या आणि म्हणाल्या की यांचं बरोबर आहे. पोटुशी बाईच्या रक्तातलं पाणी खूप वाढतं, प्रथिनं त्या मानानं वाढत नाहीत, म्हणून आकडा उतरतो. कागदावर छापलेली मापं पोटुशी नसलेल्यांची. सातव्या महिन्यात तीन पॉइंट एक चालतं.

मी विजयी मुद्रेनं बायकोकडे बघितलं. तेवढ्यात बाईंनी मला विचारलं, "दुधात दुसरी लबाडी कोणती असते?"

"साय काढून घेतात," मी म्हणालो.

"मग तेच बघायचंय. प्रथिनं लघवीतून बाहेर जातायत का. त्यात रक्तदाब चढला असेल तर गोष्ट गंभीर."

लेक छोटी बाटली घेऊन आत गेली. ती बाहेर येईपर्यंत मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाचे दात मोजत होतो. त्याला दात नव्हते. बाईंनी बाटलीत पट्टी बुडवली, मी लॅक्टोमीटर बुडवतो तशीच, आणि आम्ही तिघं त्या पट्टीवर वाकलो. रंग बदलला नाही, म्हणजे प्रथिनं बाहेर जात नव्हती. रक्तदाबही जागेवर होता.

रोजचं जेवण पुरे, बाई म्हणाल्या. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारलं, चेहरा एकदम सुजला तर थांबायचं नाही, निघून यायचं. लेकीनं पिशवीतली दोन्ही अंडी काढून आईच्या हातात ठेवली.

ही कथा मी दुसऱ्या दिवशी डेअरीवर साभिनय सादर केली. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका आबांच्या दुधाला डिग्री लागली नाही. मी लॅक्टोमीटर आबांपुढे धरला.

"म्हस गाभण हाय, भाऊ," आबा शांतपणे म्हणाले. "पानी वाढतंय, तुमीच सांगितलं न्हवं का?"

तीच म्हैस व्याली म्हणून तिचा खरवस मी तीन आठवड्यांपूर्वी ओरपला होता. तोंड उघडणार तोच डेअरीच्या ओट्यावर बसलेली लेक म्हणाली, "बाबा, म्हशीची लघवी आणायला सांगा. आपण पट्टी लावू."

ती पोट धरून हसत होती. पायात अजून माझ्याच चपला होत्या.