दाल मिलमधली संध्याची मोटर

संध्या ही माही सख्खी लहान बहीण, अन् अकोल्याच्या एमआयडीसीत तिच्या तोडीचा वायरमन दुसरा नाही. बाईमानसाले तठी काय म्हनायचं हे अजून कोनाले सुचलं नाही, म्हनून वायरमन. मी नववीतच शाळेतून सुटलो, पन तिले आयटीआयले मोटरसायकलवर बसवून मीच नेलं. आमच्या गावी हिवरखेडात कोनालेही इचारा.

उत्तमराव शेठच्या दाल मिलमध्ये बारा मोटरी. साऱ्या जुन्या, तीन-तीन डाव जळून पुन्हा तार भरलेल्या. हात ठेवला तं चटका बसे. तुरीचं टरफल काढनाऱ्या रोलरवरचे रामरावकाका रोज मोटरीच्या पाठीवरच भाकर गरम करत.

"काका, तुमची भाकर नाही भाजून राहिली, शेठची वीज जळून राहिली," संध्या म्हने.

सहा महिने मागं लागून तिनं शेठले कमी वीज खानारी नवी मोटर घ्यायले लावली. शेठ म्हने, "एक घेतो. जमली तं बाकीच्या अकरा." संध्या बोलून गेली, "नाही जमली तं मी काम सोडतो!" तोंडानं फटकळ, अगदी माह्यावर गेली.

सोमवारी सकाळी मोटर रोलरले बसली. आवाज नाही, थरथर नाही. रामरावकाकांनी सवयीनं भाकर ठेवली, पंधरा मिनिटांनी उचलली. थंडगार!

"पोरी, हे काम करून राहिली का झोपली?"

सारे हसले. अकरा वाजता मात्र हसनं बंद झालं. चाळनीखाली चुराच चुरा पडून राहिला होता. काकांनी मूठभर डाळ तिच्यापुढं धरली. "पाह्य. जुनीवर अशी तुटे का कधी?"

शेठ आले, डाळ पाह्यली. "संध्याताई, सांजपर्यंत थांबतो. मंग जुनी चढवा, अन् बाकीच्या अकराचं इसरा." काम सोडायचं नाव त्यांनी काढलं नाही. तिच्या डोक्शात मात्र तेच फिरत होतं.

तिनं मले फोन केला. "दादा, मी हुकली."

"आपल्या घरात कोनी हुकत नाही."

"दादा, तू फोन ठेव."

ठेवला. ती तठीच पोत्यावर बसली अन् डाळीचा एक-एक दाना पाहू लागली. टरफल साफ निघालं होतं, म्हंजे रोलर बरोबर होता. दाना मात्र काठावर फुटला होता. घरी जात्यावर तूर भरडताना आई तिच्या हातावर चापट मारे, "सावकाश फिरव वं, तुटून राहिली ना!" ते तिले आठवलं, अन् ती फेरे मोजायचं यंत्र आनाले पयाली.

नवी मोटर मिनिटाले चौदाशे पंच्याहत्तर फेरे घेत होती. बाजूच्या तशाच रोलरची जुनी मोटर चौदाशे पंचवीस. जुनी थकेली, ओझं पडलं की मागं पडे. नवी मागं हटतच नव्हती. अन् काकांनी अठरा वर्षं रोलर त्या थकेल्या चालीवरच बसवला होता.

"काका, तुमचं बरोबर होतं," ती म्हने. "मी ताकद जुळवली, चाल नाही जुळवली. मोटर बंद करा, तिची पुली, पट्ट्याचं चाक, काढून द्या."

काकांनी पाना आनला अन् पट्टा उतरवला.

सात इंचाची ती पुली स्कूटीवर पायाशी ठेवून ती लेथवर लोखंड कातनाऱ्या खरादवाल्याकडे गेली. पाव इंच कमी करून आनली, म्हंजे मोटर जोरात फिरली तरी रोलर जुन्याच चालीनं फिरल, अन् चार वाजता बसवली. पैली डाळ चाळनीवर आली तवा ती तिकडे पाहे ना. काकांनीच ओंजळ भरून पाह्यली. पिवळीजर्द, अख्खी. तीच ओंजळ त्यांनी शेठच्या हातात ओतली.

शेठनं बोटानं डाळ पसरवली. "उद्या सांगतो," म्हने अन् घरी गेले.

त्या राती पोरगी जेवली नाही. मी फोनवर म्हटलं, "तुले काढनारा अजून जन्माले यायचा हाये." तिनं पुन्हा फोन ठेवाले लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठले ती मिलमध्ये गेली, तं रामरावकाका टरफल उडवनाऱ्या पंख्याच्या जुन्या मोटरीपाशी पाना घेऊन उभे. बाजूले शेठ, हातात खडू.

"ये पोरी," काका म्हने, "नवी चढवायच्या आधी इचे फेरे मोज. शेठ भिंतीवर लिहून घेतात. मंगच मी बोल्टाले हात लावतो."