पाहुण्यांशिवाय पाचगणी

वाईत राहणारं माणूस सहज म्हणून पाचगणीला जात नाही. पाहुणे आले की जातं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी पाचगणी पाहिली ती पाहुण्यांच्या पाठीमागूनच. त्यातल्या मानाच्या पाहुण्या म्हणजे सांगलीच्या वन्सं, ह्यांची थोरली बहीण. दर मे महिन्यात त्या भडंगाची मोठी पिशवी आणि नातवंडांचं लटांबर घेऊन यायच्या. मग आमचे हे गाडीत पुढे बसून पसरणी घाटाचं वळण न् वळण समजावून सांगायचे, जणू घाट ह्यांनीच खणला होता. मी मागे, मांडीवर थालीपिठांचा डबा. टेबललँडवर पोचलं की सतरंजी अंथरायची आणि सगळे कडा बघून येईपर्यंत सामान राखायचं.

महामारीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वन्सं गेल्या. जिल्ह्याच्या हद्दी बंद होत्या, पास मिळाला नाही. ह्यांनी बहिणीचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं आणि फोन उशीखाली सरकवून दिला. डोळ्यांत टिपूस नाही. पुढे सगळं उघडलं, माणसं कोंडवाड्यातून सुटल्यासारखी फिरायला धावली. हे मात्र घाटाचं नाव काढलं की म्हणायचे, "कशाला? पाहुणे कुठे आलेत?" मला धास्तीच बसली. न रडता हा माणूस असाच आतल्या आत आटत गेला तर काय करायचं?

शेवटी एका बुधवारी मी हट्टाला पेटले. "मलाच पाहुणी समजा आणि चला," म्हटलं. पाहुणीला नाही कसं म्हणणार! स्कूटर काढली.

श्रावण सरत आला होता आणि घाट ढगात बुडाला होता. एकेका वळणावर खालची वाई विरघळत गेली. आधी देवळांची शिखरं, मग हळदीची शेतं, मग नदी. हे सावकाश चालवत होते. एकही वळण समजावलं नाही. मी त्यांच्या पाठीला गाल टेकला. आपण जागे आहोत की दुपारच्या झोपेत, हेच मला कळेना.

टेबललँडवर तर धुक्याने आपलेच हात परके वाटावेत. घोड्याच्या टापा ऐकू यायच्या, घोडा काही दिसायचा नाही. आमच्यासारखीच दोन-तीन वाईकर जोडपी लांब लांब बसली होती. एके काळी ही मंडळी सहलीवाल्यांबरोबर काश्मीर, केरळ करणारी. आता मधला वार, थर्मासातला चहा, घरचा डबा. दूरचं कोणाला नकोच झालं होतं.

सवयीने सतरंजी अंथरली आणि सामानापाशी बसणार, तोच वाटलं, आज कोणासाठी राखायचं? उठले आणि कड्याच्या बाजूला गेले. दिसलं काहीच नाही, नुसतं पांढरं. तरी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग ह्यांची आठवण झाली आणि माघारी वळले.

हे अजून उभेच होते. समोर एक घोडेवाला. घोडा नको म्हटल्यावरही तो गप्पांसाठी थांबला होता.

"पावणं, कुठनं आलाय?" त्याने विचारलं.

जन्मभर वाईचा तोरा मिरवलेला आमचा माणूस. पण म्हणाला, "सांगलीहून."

"आवं, मग लय लांबनं आलायसा की. बसा निवांत. धुकं हटंल आत्ता, समदं दिसंल."

तो घोडा घेऊन धुक्यात गेला. हे सतरंजीवर बसले आणि तोंडावर हात धरून लहान मुलासारखे रडू लागले. "अक्का, अक्का," एवढंच म्हणत होते. मी डबा बाजूला सारला, त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना पोटभर रडू दिलं.