आईला न वाचून दाखवलेलं पान

मंडळी, आज दुपारी आईनं माझी तीस वर्षांपूर्वीची चोरी उघडी पाडली.

पैठणहून आम्ही शहरात आलो तेव्हा मी सातवीत होते. आई पापड लाटायची, मी तिला कादंबरी वाचून दाखवायचे. परमुलखातून शहरात आलेल्या गरीब घरातल्या मुलीची गोष्ट. एका पानावर त्या मुलीला आईच्या गावठी बोलण्याची लाज वाटते. मलाही वाटायची. म्हणून ते पान मी गुपचूप गाळलं.

आज माझ्या लेकीनं तीच कादंबरी आजीला वाचून दाखवली, त्या पानासकट. मी शेजारीच बसले होते. मान वर करवेना.

आई मला म्हणाली, “हेच पान व्हय? तवा दोन पानं एकदम उलटली होतीस. मला अक्षर येत नाय, पण दिसतं की.”

आईला कळलं नाही असं आपण समजतो, ते तिला खरंच कळलेलं नसतं का हो?