शिंगाचं भलतं भोक

भोक शिंगाच्या टोकातून आरपार जायला हवं होतं, ते माझ्या हातून बाजूनेच बाहेर आलं. आतली पोकळी कुठवर आहे ते आधी तार घालून बघायचं असतं. जन्मभर जहाजांची इंजिनं उघडणाऱ्या मला तेवढंही सुचलं नाही.

हे बायसनचं शिंग मी एका सफरीत अमेरिकेच्या बंदरावर घेतलं होतं. नोकरी गेल्यावर इथे परदेशात, यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते बाहेर काढलं. पूर्वीचे शिकारी बंदुकीची दारू कोरडी राहावी म्हणून अशा शिंगात भरत, तसं बनवायचं ठरवलं. अर्जांना उत्तरं येत नव्हती, या देशात राहायचा पास संपत आला होता. निदान एक वस्तू तरी माझ्या हातून धड व्हावी, एवढीच इच्छा होती. शिंग उकळताना असा वास सुटला की मुलगी इथल्या इंग्रजी बोलीत "बाबा, सो स्मेली लाह!" म्हणत खोलीत पळाली. मग मी ते खरवडून, घासून काळंभोर चकचकीत केलं, रुंद तोंडाला लाकडी बूच कोरलं. आणि शेवटी हे भोक.

"आता यात भरलेलं सगळं गळणार," मी बायकोला म्हणालो.

तिने शिंग हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"गळू दे हो. भरायला तरी काय उरलंय आपल्याकडे?"